शिक्क्याच्या दिवसापुरती साखर

उस्ताद, तुमच्या हाताखाली मी तराजू दुरुस्त करायला शिकलो. इलेक्ट्रॉनिक काटे मात्र कोणाकडूनच नाही, बिघडलेले उघडून स्वतः शिकलो. म्हणून अकोल्याच्या बाजारातल्या आरोग्य शिबिरात नर्सबाईंनी बोटाला सुई टोचून रक्तातल्या साखरेचा २१२ आकडा दाखवला, तेव्हा मी आधी यंत्राकडेच पाहिले. शेजारच्या टेबलावर गोळ्यांची खोकी रचलेली होती. मनात म्हटले, आजार हेच काढणार अन् औषधही हेच विकणार.

डॉक्टरीणबाईंनी उपाशीपोटी रक्त तपासायला सांगितले. त्याआधी दोन दिवस मी कारल्याचा रस प्यायलो, चहा बिनसाखरेचा, रात्री नुसते ताक. आकडा आला ११८. मधुमेह १२६ पासून धरतात, हे मी वाचूनच गेलो होतो. कागद त्यांच्यासमोर जरा ऐटीतच ठेवला. त्या म्हणाल्या, "काका, हाही शंभराच्या वरच आहे. आणि दोन दिवस काय खाल्लं, ते खरं सांगा." तुमची आठवण झाली. काटे तपासून त्यांच्यावर सरकारी शिक्का मारायच्या आदल्या दिवशी दर्यापूरचे व्यापारी काटे घेऊन दुकानात गर्दी करायचे आणि तुम्ही गुरकावायचात, "सालभर मापात डंडी मारता, अन् आज साव बनून राहिले का बे?" आता त्या रांगेत मी उभा होतो.

बाईंनी एचबीए१सी नावाची रक्ततपासणी लिहून दिली. तिला उपास लागत नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी तिच्यात दिसते. ६.५ पासून मधुमेह. माझी आली ७.४. मला त्या लॅबचाही भरवसा वाटेना. कोणाला न सांगता अमरावतीला जाऊन दुसरीकडे रक्त दिले. ७.३.

"पण मले तर काहीच होत नाही," मी म्हटले.

"म्हणूनच आता तपासायचं, काका. त्रास जाणवेपर्यंत डोळे, किडनी, पायाच्या नसा आतून खराब होत जातात. सारखी तहान, सारखं लघवीला जाणं, जखम न भरणं, असं घरात कोणाला होतं का?"

घरात नाही, म्हटले. ते खोटे नव्हते. पण डोळ्यांपुढे दुकान आले. मी बाविशीतला, तुम्ही घटाघटा पाणी पिता आणि दर अर्ध्या तासाला उठून मागच्या गल्लीत जाता. गिऱ्हाईक विचारते, "उस्ताद कुठी गेले?" मी सांगतो, "गेले असतील बिडी फुकाले. काम टाळून राहिले आजकाल." तेवढ्यात पडद्यामागे तुमची चप्पल वाजते. पुढे पाच किलोचे वजन अंगठ्यावर पडले, ते तुम्हाला रक्त दिसल्यावर कळले. जखम भरलीच नाही. पाय कापायच्या वेळी तुमची साखर पहिल्यांदा मोजली गेली.

मी कालपासून गोळी सुरू केली आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकले नसते. पडद्यामागे चप्पल वाजली, त्या दिवसानंतर तुम्ही माझ्यासमोर पाणी पीत नव्हतात, सारखे उठून गल्लीतही जात नव्हतात. ते माझ्या लक्षात आले होते. मला वाटले, तुम्ही सुधारलात.