टाकवत नाही म्हणून

३ मार्च, मंगळवार

नव्या घरात आज पहिली आंघोळ, पहिला दिवा आणि मग पहिला चहा. यांच्या बदलीची ऑर्डर आल्यापासून जीव टांगणीला लागला होता, की नव्या गावात कसलं खुराडं पदरात पडतंय. पण घर छान निघालं. दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, नळाला चांगला जोर, आणि भाडंही आधीच्या घरापेक्षा कमी. हे म्हणाले, की तू घासाघीस करून घरमालकाला रडवलंस. रडला नाही बिचारा, घाम मात्र पुसत होता.

एकच गोष्ट ओंगळ. मोरीच्या जाळीत केस अडकले होते. काडीने ओढायला गेले तर संपेचनात. बुळबुळीत, काळे, पांढरे, मध्येच तांबूस. मालक म्हणाले, आधी एक निवृत्त मास्तर राहायचे, एकटेच. बहिणीकडे जातो म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. एकट्या माणसाच्या डोक्यावर तीन रंगांचे केस कसे, हे विचारणार होते, पण पहिल्याच दिवशी कशाला.

वरच्या फळीवर मास्तरांचा टॅब राहिलाय. मालक म्हणाले, टाकून द्या. चालती वस्तू टाकायची? मला नाही टाकवत. ओल्या फडक्याने दोनदा पुसून ठेवला. प्रवचनं ऐकायला होईल.

६ मार्च, शुक्रवार

टॅब लावला तर प्रवचन राहिलं बाजूला, पत्त्यांचा अड्डाच उघडला. हिरवं गोल टेबल, भोवती खुर्च्या, खुर्चीत एकेक चित्र. मास्तरांची खुर्ची रिकामी आणि तिच्यापुढे रंगीत चकत्यांचा ढीग. शी! आमच्या थोरल्या काकांनी जुगारापायी काकूच्या कानातलं ओरबाडून नेलं होतं, तेव्हापासून नुसता पत्ता दिसला तरी मला हात धुवावेसे वाटतात. टॅब पालथा घातला आणि हात धुतले.

पण त्या चकत्या डोळ्यांपुढून हलेनात. घरचा हिशेब मी ठेवते. शिल्लक नुसती पडून राहिलेली मला बघवत नाही. धाकट्या भावाला फोन केला. तो आधी पोट धरून हसला. म्हणाला, अक्का, आता काय देव्हाऱ्यात राजा-राणी मांडणार का? मग नीट समजावलं. याला पोकर म्हणतात. दोन पत्ते आपल्याकडे झाकलेले, पाच मध्ये सगळ्यांचे उघडे. ज्याचा मेळ भारी त्याचा मधला ढीग. चकत्या खोट्या आहेत तोवर खेळ, म्हणाला, पण खरा पैसा घालू नकोस.

देवासमोर बसून शब्द दिला: एक पैसाही लावणार नाही. उघडलेलं लोणचं संपवावं तशा मास्तरांच्या चकत्या संपवायच्या आणि टॅब बंद.

११ मार्च, बुधवार

दुपारची भांडी झाली, की खेळते. टेबलावर दोघंच बोलकी, तीही लिहून. एकाच्या चित्रात टोपी आहे, तो टोपीवाला, दुसरी चष्मेवाली. बाकीचे येतात-जातात. मी बसले की टोपीवाला लिहितो, मास्तर, उशीर केलात. मी मास्तर नाही, असं दोनदा कळवलं. तो म्हणाला, खुर्ची त्यांची आहे ना, मग झालं.

धडा पहिला: आलेले बहुतेक पत्ते टाकून द्यायचे असतात. टोपीवाला तेच करतो. तास तास पत्ते टाकत बसतो आणि कधीतरी एकदा झडप घालतो. मला ते जमत नाही. चकत्या मध्ये सरकवल्या, की त्या माझ्याच वाटतात. पत्ते टाकले तर घातलेलं वाया जाईल, म्हणून आणखी घालते, आणि मग तेही जातं. घरात शिळ्या भाताचं शीत वाया घालवत नाही मी, आणि इथे ढिगाने घालवतेय.

१३ मार्च, शुक्रवार

चकत्या संपल्या. सुटले, असं म्हणून उठणार होते. टोपीवाल्याने विचारलं, आता काय लावणार? मी स्पष्ट लिहिलं, की देवाला शब्द दिलाय, पैसा लावणार नाही. चष्मेवाली म्हणाली, पैसा मागतंय कोण! मास्तरांनीही कधी लावला नाही. ज्याला काही मोल नाही असं काहीतरी लावा.

हसू आलं. फुकटात होतंय म्हटल्यावर मोह आवरेना. डाव्या करंगळीचं नख, असं लिहिलं. हरले. दोघांनी आभार मानले. चला, बिनखर्चाची करमणूक झाली.

१४ मार्च, शनिवार

नख नाही. उपटलेलं नाही, दुखत नाही, रक्त नाही. तिथे नुसती कातडी, गुळगुळीत, गालासारखी. कणीक मळताना ते मऊ टोक पिठात बुडलं, तेव्हा हात काढून घेतला आणि उरलेली एकाच हाताने मळली.

१७ मार्च, मंगळवार

सोमवारी फक्त एकदा बसले, नख परत मिळतंय का बघायला. जिंकले. नख काही आलं नाही; आज मिठाच्या बरणीत दाढ सापडली. माणसाची. मुळांना गुलाबी मांस चिकटलेलं, आणि हाताला कोमट. खिडकीतून भिरकावली, बरणी उकळत्या पाण्याने धुतली. दुपारी चहाच्या डब्यात तीच.

टेबलावर विचारलं, ही घाण कोणाची? टोपीवाला म्हणाला, घाण कसली, तुमची कमाई आहे. जिंकलेलं टाकता येत नाही, फक्त हरता येतं. मोरीच्या जाळीत ते केस पुन्हा वर आलेत.

१९ मार्च, गुरुवार

खालच्या मजल्यावर एक वहिनी शिवणकाम करतात. ब्लाउज टाकायला गेले तेव्हा मास्तरांचा विषय काढला. वहिनी दातांतली टाचणी काढून म्हणाल्या, की माणूस देवभोळा, पण शेवटी शेवटी अंगावर शहारा यायचा हो. आधी भुवया गेल्या, मग पापण्या. गॅस उघडा राहिला तरी वास कळायचा नाही. वहिनींनी विचारलं, की मास्तर, अहो काय हे, तर म्हणाले, की नकोसं होतं तेच दिलंय, एक पै खर्च नाही.

ब्लाउजाचं माप न देताच वर आले.

२० मार्च, शुक्रवार

दाढ हरायची आणि टॅब फोडायचा, असं ठरवून बसले. चष्मेवाली म्हणाली, नुसत्या किडक्या दाढेवर डाव कोण मांडेल? जोडीला काहीतरी घाला. मला नको असलेलं काय आहे, याचा विचार केला. यांचं घोरणं! लग्न झाल्यापासून त्या करवतीशेजारी झोपतेय. लिहिलं. हरले. डबे तपासले, दाढ कुठेच नाही. टॅब फोडायला उचलला, पण काच नवी कोरी दिसत होती. कपाटात ठेवला.

२१ मार्च, शनिवार

काय सुंदर झोप लागली! हे अगदी गप्प झोपले होते. देवाची कृपा म्हणावी तर जीभ अडखळते.

२३ मार्च, सोमवार

कपाटातून घोरण्याचा आवाज येत होता.

तो यांचाच. शेवटी बारीक शिट्टी आहे, हजारांत ओळखेन. टॅब उघडला. चष्मेवालीने लिहिलं, की उशाशी घेऊन निजते, फार ऊब आहे हो याला. माझ्या नवऱ्याचा श्वास त्या बाईच्या उशाशी! अंगावर कुणी थुंकल्यासारखं वाटलं.

हे गरम चहावर फुंकर घालत होते. वाफ हलली नाही. दाढी करताना आरसा नाकाशी नेला तरी काच कोरडीच.

२६ मार्च, गुरुवार

हे म्हणतात, मला काय धाड भरलीये, ठणठणीत तर आहे. तरी ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी छातीला लावली, झटकली, पुन्हा लावली, मग आतून दुसरी नळी आणली. नंतर आमच्याकडे न बघताच म्हणाले, की मोठ्या इस्पितळात दाखवा. फी घेतली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

२९ मार्च, रविवार

यांना वास येतो. फुलदाणीतल्या आठवडाभराच्या पाण्यासारखा. पाठ चोळताना माझ्या बोटांचे खड्डे पडले आणि तसेच राहिले, कणकेत पडतात तसे. यांना कळलंसुद्धा नाही. जोरात घास, म्हणाले. साबणाच्या फेसाबरोबर काहीतरी सुटून आलं. मी ते बघितलं नाही. पाणी ओतलं. भरपूर पाणी ओतलं.

घोरणं परत जिंकायलाच हवं. नाहीतर मला नवरा उरणार नाही.

३१ मार्च, मंगळवार

दोन दिवसांत माझ्या पापण्या गेल्या, मग जिभेची चव. शेवटी नाकाला येणारा वासही लावला. तसाही नकोच झाला होता. हरले, आणि खरं सांगते, बरं वाटलं. यांच्या शेजारी बसून जेवता तरी आलं. अशी मी झालेय. शी.

धाकट्याला फक्त खेळाबद्दल विचारलं. तो म्हणाला, अक्का, ढिगात गेलं ते तुझं नव्हेच. पुढ्यात काय आहे तेवढं बघ. कोण काय लावतंय ते बघ. आणि सराईत माणूस तुझ्याकडे आनंदाने हरला, तर का हरला ते आधी शोध. मग विचारलं, की तुझा आवाज असा का येतोय? मी फोन ठेवला.

४ एप्रिल, शनिवार

टाकायला शिकले. आता पत्ते येतात, टाकते. येतात, टाकते. जपासारखं. हळहळ नाही. चष्मेवाली चिडलीये, म्हणते, बाई, खेळा की.

यांचा उजवा कान आज उशीला चिकटून राहिला. मी तो — परत बसवला. दाबून.

७ एप्रिल, मंगळवार

आज.

माझ्याकडे दोन राण्या. मध्ये तिसरी उघडली. चष्मेवालीने घोरणं लावलं. मी माझा उजवा डोळा लावला, हो, डोळा. टोपीवाल्याने लिहिलं, मी स्वतःला लावतो. मी म्हटलं, बढाया मारतोय मेला.

चौथी राणी आली!

पत्ते उघडले. चष्मेवालीचे तीन गुलाम. टोपीवाल्याकडे काहीच नव्हतं. काहीच. तास तास पत्ते टाकणारा माणूस —

असो. जिंकले. सगळा ढीग माझा. देवा, तुझ्या पायांवर डोकं. त्याची खुर्ची लगेच रिकामी झाली.

८ एप्रिल, बुधवार

पिठाची बरणी घोरत होती. झाकण वर-खाली होत होतं. उघडली. वर कोमट, राखाडी, जाड सायीसारखं, तेच शिट्टी घालत होतं. खाली काळपट, चिकट, न हलणारं.

हे पलंगावर. आता बोलतही नव्हते. चमच्याने भरवलं. एक घास, आणि छाती हलली! दुसरा, गालावर रंग. वरचं सगळं संपलं, हे घोरू लागले. रडले मी.

तळाला ते काळं उरलं होतं. बरणीत वाया जाईल म्हणून —

बोटाने खरवडून, पुसून, तेही भरवलं. शेवटचं चाटण.

८ एप्रिल, दुपार

हे उठले. खुर्चीत बसलेत. अंग घट्ट, कान जागेवर. डोक्यावर माझी टोपली पालथी घातलीये, टोपीसारखी.

म्हणाले, मास्तर, उशीर केलात.

खालचं ते कोण होतं, ते आता — मुद्दाम हरला. आत यायला. आणि मी खरवडून —

यांच्या तोंडाने हसतोय. जीभ दाताखाली फिरवून बघतोय, नवीन घर बघावं तशी. मध्येच आत खोल कुठेतरी ती बारीक शिट्टी येते. हे आत आहेत. अजून आहेत.

पत्ते वाटलेत. म्हणतोय, नवरा हवा ना? लावा काहीतरी.

माझ्याकडे काही उरलं नाही म्हटलं. तर म्हणतो, आहे की. रोज सकाळी घेता ते. त्याला कुठे पैसा पडतो?

नाही. ते नाही. देवाचं नाव मी

शिट्टी बारीक होत चाललीये

पत्ते टाकायला हवेत. शिकलेय मी टाकायला. पण यांना असं अर्ध्यात — एवढं सगळं घालून झाल्यावर —

लावलं म्हटलं आणि पत्ते उचलले. दोन राण्या.

हात जोडले. नाव घ्यायला तोंड उघडलं. येत नाही. लिहून बघते. आधी एक उभी रेघ, मग —