मागच्या अंगणातली भाडेकरू

४ मार्च

त्याचा फोन! घटस्फोटानंतर पहिल्यांदाच. नंबर मी केव्हाच पुसून टाकला होता, पण "हॅलो" म्हणायच्या आधीचं ते घसा खाकरणं ऐकलं आणि कळलं — आमचे महाराज.

"कशी आहेस?" वगैरे झालं. मग आडून आडून गाडी मुद्द्यावर. "ऐकलं, मागे गॅरेज पाडून खोली बांधतेयस भाड्याने द्यायला... मी आईसाठी जागा बघत होतो." त्याच्या नव्या बायकोचं आणि आईचं पटत नाही. "दोघींच्या मधे माझं मरण होतं गं." — म्हणे! अकरा वर्षं माझं आणि त्याच्या आईचं पटत नव्हतं, तेव्हा हे गृहस्थ कानात बोळे घालून पेपर वाचायचे.

विचार करून सांगते म्हणाले. विचार कसला करायचाय? फोन ठेवला आणि एकटीच मोठ्याने हसले. लेक आतून धावत आली, "आई, बरी आहेस ना?"

बरी? इतकी बरी मी कित्येक वर्षांत नव्हते.

५ मार्च

हो कळवलं. भाडं बाजारभावापेक्षा जास्त सांगितलं. घासाघीस न करता कबूल! म्हणजे घरी चांगलंच पेटलेलं दिसतंय.

लेक म्हणते, "तुला वेड लागलंय का? आजीला? इथे?" तिला काय सांगू. ती तेव्हा लहान होती. माझ्या आईचं कमरेचं ऑपरेशन झालं होतं. पंधरा दिवस आराम करेल म्हणून मी तिला इथे आणलं. तिसऱ्या दिवशी जेवताना सासूबाई भाताचा घास कालवत, माझ्या आईकडे न बघता म्हणाल्या, "पाहुण्याने किती दिवस राहणार ते सांगून यावं. म्हणजे घरच्यांना बरं पडतं." आई ताटावरून उठली नाही, पण पुढे तिच्याच्याने जेववलं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावून गेली. तिच्या घरी तिला पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. दोन महिन्यांत वारली.

आणि आता तीच बाई माझ्या अंगणात, माझ्या परवानगीने, भाडं भरून राहणार! चार दिवस सासूचे होऊन गेले. आता माझे चार.

१२ मार्च

बँक. महाराजांचा घरातला हिस्सा विकत घेताना एक कर्ज झालंच होतं, त्यावर हे बांधकामाचं दुसरं. बँकेतली बाई चष्म्यावरून बघत म्हणाली, "मॅडम, खोली रिकामी राहिली तर दोन्ही हप्ते झेपणार नाहीत. तारण घरच आहे, एवढं लक्षात ठेवा." म्हणून कर्जाचा शेवटचा टप्पा त्यांनी अडवून ठेवलाय. आधी भाडेकरार दाखवा, मग पैसे.

दाखवते की! भाडेकरू माझ्या ओळखीचीच आहे म्हटलं. ती खूश झाली. "ओळखीचं माणूस असलेलं बरं असतं."

हो ना.

१९ मार्च

भिंती छातीपर्यंत आल्या. मिस्त्री विचारत होता, "ताई, ओटा किती उंच घेऊ?"

हाच तो प्रश्न. या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा स्वयंपाकघराचं काम चालू होतं. मिस्त्रीने असंच विचारलं होतं आणि सासूबाई पदर खोचून पुढे झाल्या होत्या — "माझ्या मापाचा घ्या." त्या माझ्या खांद्याला लागतात. अकरा वर्षं मी त्या ठेंगण्या ओट्यापाशी वाकून पोळ्या लाटल्या. रात्री पाठ धरायची. एकदा म्हटलं, ओटा जरा उंच करू या का? तर म्हणाल्या, "पाठ ओट्याने नाही दुखत, आळसाने दुखते." मायलेक घर सोडून गेल्यावर मी पहिलं काम काय केलं? ओटा फोडला! घटस्फोटाच्या कागदावर सही करतानासुद्धा एवढं बरं वाटलं नव्हतं.

मिस्त्रीच्या पुढ्यात जाऊन ताठ उभी राहिले. "माझ्या मापाचा घ्या."

"राहणार कोण आहे?"

"म्हातारी आहे एक."

"म्हाताऱ्या माणसाला उंच होईल ताई..."

"माझ्या मापाचा!"

२० मार्च

खिडकी पण ठरली. खाटेवर बसलं की समोर माझ्या घराचं पुढचं दार दिसलं पाहिजे. येणारं-जाणारं दिसू दे. आपण जिथे हुकूम सोडत होतो ते घर रोज बघू दे, लांबून.

२ एप्रिल

दातांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते; आज चुकून एका पेशंटला दुसऱ्याचीच वेळ दिली. डॉक्टर ओरडले. लक्ष कुठे आहे तुमचं? लक्ष टाइल्सकडे होतं. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात भुरक्या रंगाच्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "भाड्याच्याच खोलीला ना? मग चालतंय."

१५ एप्रिल

करारावर सह्या झाल्या. तो आला होता. पोट सुटलंय. केस रंगवतो. खोलीत फिरून "छान, छान" म्हणाला, ओट्याकडे बघितलंसुद्धा नाही. आयुष्यात कधी ओट्यापाशी उभा राहिला असेल तर ना.

त्याच्या आईची सही तो घरूनच करून घेऊन आला होता. मला अंगठ्याचा ठसा हवा होता खरं तर. पण असो.

जाताना म्हणाला, "तू मोठ्या मनाची आहेस." मी नुसतं हसले. दिवसभर काउंटरवर बसून लोकांच्या दातांकडे बघते, आज माझेच दात ओठांआड दाबून धरले.

३ मे

आली.

टॅक्सीतून उतरायलाच वेळ लागला. कमरेला पट्टा. वाळलीये. एक ट्रंक, दोन पिशव्या. महाराज ट्रंक आत ठेवून "मीटिंग आहे" म्हणून लगेच पळाले — आईला घरात नीट बसवायचाही धीर नाही!

मी दारात हात बांधून उभी होते. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. "किती दिवस राहणार ते सांगून आलात ना?" महिनाभर आंघोळ करताना म्हणून बघितलं होतं हे वाक्य. पण तिने माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. डोळ्यांत पाणी. "बारीक झालीस गं," म्हणाली.

माझं वाक्य तोंडातच राहिलं. हरकत नाही. उद्या आहे, परवा आहे.

६ मे

ओट्याची तक्रार अजून नाही. रोज वाट बघतेय.

९ मे

हद्द झाली! लेक संध्याकाळी तिकडे जाऊन बसते. मला न विचारता! आज परत आली ती हसतच. "आई, आजी तुझं फार कौतुक करत होती. म्हणे तिचं पाठीचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीये. बाबांच्या घरात ओटा इतका खाली होता की तिला चहासुद्धा करता येत नव्हता. इथे कोपरं टेकून उभी राहते, पाठीत कळसुद्धा येत नाही. म्हणाली, तुझ्या आईने किती विचार करून बांधलंय बघ! कुणी सांगितलं असेल तिला माझ्या पाठीचं?"

  कोपरं टेकून!

१० मे

आणि खिडकी? "दिवसभर तुम्ही दोघी जाता-येता दिसता, एकटं वाटत नाही." — इति म्हातारी.

टाइल्ससुद्धा आवडल्यात. घसरत नाहीत म्हणे.

मी हे कर्ज काढून हिचा पाहुणचार केला काय? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

१४ मे

आज सगळं कळलं. लेक सहज बोलून गेली — "आजी म्हणते, तू बोलावलंस म्हणून आली. नाहीतर भाड्याच्या खोलीत पायसुद्धा ठेवला नसता."

मी बोलावलं?

दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून महाराजांना फोन लावला. आधी अं-अं केलं. मग म्हणाला, "अगं, ती तयारच होत नव्हती! मुलाने बाहेर काढलं म्हणून लोक काय म्हणतील, वगैरे. शेवटी सांगितलं की तूच म्हणालीस, आईंना माझ्याकडे पाठव, त्यांच्यासाठी खोली बांधतेय. तेव्हा एका दिवसात ट्रंक भरली तिने. तुझं काय बिघडलं? भाडं वेळेवर येतंय ना?"

"आणि भाड्याचं तिला माहीत नाही?"

"करारावर सही घेतली, पण तिने वाचलाय कुठे. चष्मा नव्हता."

म्हणजे ही बाई गेले अकरा दिवस माझी पाहुणी म्हणून राहतेय. आणि मी मूर्ख, ती भाडेकरू आहे म्हणून खूश होतेय.

१५ मे

पण मग लक्षात आलं. अरे, हे तर घबाड आहे! ओटा काय, खिडकी काय — पोरखेळ होता सगळा. आता माझ्याकडे एक वाक्य आहे. मी बोलावलं नाही, तुमच्या मुलाने भाडं भरून तुम्हाला इथे ठेवलंय. बस्स. एका दगडात दोन पक्षी, मायलेक दोघंही.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "असं केलंस तर ती निघून जाईल. मग हप्ते कोण भरणार? घर जाईल आपलं." जाऊ दे. भाडेकरू दुसरी मिळेल. असा दिवस पुन्हा मिळणार नाही.

"तू तिच्यासारखीच बोलतेयस आत्ता," लेक म्हणाली आणि दार आपटून गेली.

१७ मे

सांगितलं.

दुपारी गेले. ती ओट्यापाशी कोपरं टेकून भाजी निवडत होती. "ये ये, बस," म्हणाली — माझ्याच खोलीत मला! मी बसले नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भाड्याचा आकडासुद्धा सांगितला. मग माझ्या आईचं काढलं. म्हटलं, तिला चार दिवस तुम्ही टेकू दिलं नाहीत, तुम्हाला कोण बोलावणार? मी? माझा आवाज चिरका झाला होता. शेजारच्यांनीसुद्धा ऐकलं असेल. ऐकू दे.

ती भाजी निवडतच राहिली. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाली, "तुझी आई निघताना माझ्या खोलीच्या दाराशी आली होती. 'येते हं' म्हणाली. मी जागी होते. उत्तर दिलं नाही."

एवढंच. माफी नाही, रडणं नाही. हे मला माहीतच नव्हतं. आई मला बोलली नव्हती. आई त्या दाराशी उभी आहे असं सारखं डोळ्यांसमोर येतंय — ऑपरेशनची कंबर धरून, उत्तराची वाट बघत.

जिंकले मी. सांगायला हवं होतं ते सांगून झालं. मग जेवण का जात नाहीये?

१८ मे

मागे दिवा लागला नाही. लेक डबा घेऊन गेली आणि डबा घेऊनच परत आली. माझ्याशी बोलत नाही.

महाराजांचा फोन. "तू आईला काय सांगितलंस? माझा फोन उचलत नाहीये ती!" म्हटलं, खरं सांगितलं, कुणीतरी सांगायला हवंच होतं. तो ओरडत राहिला, मी फोन टेबलावर पालथा ठेवून कपडे घडी केले. हा भाग मात्र मनापासून आवडला.

१९ मे

ट्रंक अंगणात आणून ठेवलीये तिने. एकटीने, त्या पाठीने, कशी ओढली कोण जाणे. ट्रंकेवर बसून आहे. कुठे जाणार? त्या घरी तर नाहीच. टॅक्सी बोलावलेली दिसत नाही.

मी पडद्याआडून तीनदा बघितलं. मला हेच तर बघायचं होतं.

१९ मे, संध्याकाळ

दारावर थाप. पुढच्या दारावर — आल्यापासून पहिल्यांदाच. पायरीखाली उभी होती, भिंतीला धरून. म्हणाली, "तेव्हा तू बोलावलं नव्हतंस, कळलं मला. आता बोलावशील का?"

मी 'या' म्हणाले नाही. दारातून बाजूला झाले.