साडूच्या नाकावर टिच्चून

४ मे, सकाळी
काल लेकीकडे पोहोचलो. विमानात बसून पाय सुजले आहेत, डोकं मात्र शाबूत आहे. लेक म्हणाली, बाबा, आता आराम करा, बाग बघा, तळं बघा. मान डोलावली. तळं बघायला मी एवढ्या लांब आलेलो नाही. मी इथे बँकेत खातं उघडायला आलो आहे. टुरिस्ट व्हिसावर. साडूच्या नाकावर टिच्चून.
हे बायकोलाही सांगितलेलं नाही. बायको झाली तरी ती शेवटी साडूची मेहुणी आहे.

४ मे, दुपारी
झोप येत नाही. एकदा सगळं लिहूनच काढतो, म्हणजे राग ताजा राहील.
भाचीच्या लग्नात जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी खुर्च्या गोल करून बसली होती. साडू नुकताच याच देशात, माझ्याच लेकीकडे, पाहुणचार झोडून परतला होता. त्याने पाकिटातून एक कार्ड अर्धवट वर काढलं. निळं, चकचकीत, कोपऱ्यात पिवळा पक्षी. नावावर अंगठा. म्हणाला, तिथलं खातं. मग माझ्याकडे वळून, मांडवाच्या पार टोकाला ऐकू जाईल अशा बेताने बोलला, "आपण मागितलं नव्हतं हो, त्यांनीच आग्रहाने दिलं. तुम्ही एवढे बँकवाले, तुम्हाला कोणी विचारलं नाही वाटतं तिकडे?"
सगळे हसले. माझा मेहुणा पाणी पिता पिता हसला आणि पाणी त्याच्या नाकातून आलं.
मी उभी हयात बँकेत काढली. शाखाप्रमुख म्हणून निवृत्त झालो. हा माणूस पाण्याच्या मोटारी विकतो.

५ मे
योजना पक्की. खातं उघडायचं. त्यातून साडूच्या मायदेशातल्या खात्यात पैसे पाठवायचे. फार नाही, एका चहापुरते. शेऱ्यात लिहायचं, साडूभाऊंना चहापाण्यासाठी, परदेशातून. मेसेज वाजेल तेव्हा तो दुकानात गिऱ्हाइकासमोर बसलेला असावा. त्यासाठी दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक लावून ठेवला आहे.
त्याचा माझ्यावर जुना दात आहे, हे मला ठाऊक आहे. पूर्वी तो माझ्या शाखेत खातं उघडायला आला होता. मी त्याला पुन्हा पुन्हा परत पाठवला. आधी पत्त्याचा पुरावा नव्हता. मग पुरावा आणला, तर तो स्वतःच्याच दुकानाच्या लेटरहेडवर, स्वतःच लिहून, स्वतःच सही ठोकून. मी सगळ्या स्टाफसमोर म्हणालो होतो, नातं घरी, बँकेत नियम. कॅशियर उठून उभा राहिला होता. आजही आठवलं की जेवण गोड लागतं.

६ मे
गावातला मोठा रस्ता पायी पालथा घातला. पिवळ्या पक्ष्याची बँक कुठेही दिसली नाही. याचा अर्थ ती इतकी खाजगी बँक आहे की बाहेर पाटीच लावत नाही. साडूची पोहोच मी कमी लेखली होती.
हरकत नाही. पक्ष्याची नको, त्याहून मोठी गाठू.
कागदपत्रं ठेवायला बायकोने एक पिशवी दिली. घरात अशा ढीगभर पडल्या आहेत म्हणाली. निळी पिशवी, तिच्यावर पिवळा पक्षी. म्हणजे ती बँक गिऱ्हाइकांना पिशव्याही वाटते, आणि साडू इथे त्या टाकून गेला. आता त्याच्याच पिशवीतून त्याचा काटा काढणार. शुभशकुन आहे.

७ मे
पहिली बँक. खुर्च्या मऊ. थंड पाण्याचं यंत्र. काउंटरवरच्या पेनला दोरी बांधलेली नाही, म्हणजे इथे शिस्त नाही. अशा ठिकाणी काम पटकन होतं.
काउंटरवर एक सतत हसणारी मुलगी होती. हिचं नाव मी हसरी ठेवलं. मी माझं व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं. त्यावर शाखाप्रमुख मोठ्या अक्षरांत आहे आणि निवृत्त बारीक. वाचून तिला आनंद झाला, असं म्हणाली. मग व्हिसा बघितला आणि हसतच सांगितलं की टुरिस्टचं खातं इथे उघडत नाही. राहण्याचा परवाना हवा आणि पत्त्याचा पुरावा हवा.
म्हणजे मुळात प्रश्न पत्त्याच्या पुराव्याचा आहे. तो माझ्या डाव्या हातचा मळ.
निघताना हसरीने पिशवीकडे बघितलं आणि आणखी हसली. पिशवीचा दबदबा असणार.

८ मे
विजेचं बिल जावयाच्या नावावर. पाण्याचं जावयाच्या नावावर. घरभाड्याचा करारही त्याच्याच नावावर. या घरात माझ्या लेकीच्या नावावर बहुतेक फक्त धुणं आहे.
जावयाला सांगितलं तर तो दोन ओळी लिहून देईल. पण सासऱ्याने जावयापुढे हात पसरायचा? आज पत्त्यासाठी, उद्या कशासाठी? मुळीच नाही. मी पुरावा स्वतः तयार करणार. आमच्या धंद्यातल्या खाचाखोचा आमच्याइतक्या कोणाला ठाऊक?

९ मे
स्वतःला पत्र लिहिलं. इंग्रजीत. आदरणीय महोदय, आपण या पत्त्यावर सुखरूप राहत असल्याचं समजून आनंद झाला. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. टपालाचा शिक्का बसला की सरकारी पुरावा झाला.

१२ मे
पत्र आलं. दुर्दैवाने जावयाच्या हाती पडलं. पाकिटावरचं अक्षर आणि टेबलावरच्या माझ्या शब्दकोड्यातलं अक्षर त्याने दोनदा पडताळून पाहिलं, मग पत्र माझ्या उशाशी आणून ठेवलं. संध्याकाळी लेकीने हळूच विचारलं, बाबा, तुम्हाला इथे एकटं वाटतं का. जेवताना दोघं माझ्याशी फार मोठ्या आवाजात आणि फार गोड बोलत होती. पानात दोनदा वाढलं.

१३ मे
हसरीने पत्र वाचलं. तारीफ केली. मग म्हणाली, पत्र एखाद्या संस्थेकडून आलेलं लागतं, स्वतःकडून चालत नाही. आणि परवान्याचं काय?
साडूच्या लेटरहेडची आठवण झाली. पण ती गोष्ट वेगळी. त्याच्या अर्जात खोट होती, माझ्यात कल्पकता आहे. हसरीला सुडाच्या रांगेत साडूच्या मागे उभी केली आहे. परत जाण्यापूर्वी बँकेच्या हेड ऑफिसला दोरी नसलेल्या पेनांबद्दल कळवणार.

१५ मे
दुसरी बँक. इथे टायवाला साहेब. मला आत केबिनमध्ये बसवलं, कॉफी विचारली. शेवटी कोणीतरी माणूस ओळखणारा भेटला. त्याने सांगितलं, परदेशी पाहुण्यांसाठी एक खास खातं आहे, परवाना नको, पुरावा नको. मी पेन उघडलं. मग त्याने सांगितलं, त्यात कायम किती रक्कम ठेवावी लागते ते. मी पेन बंद केलं. तेवढे पैसे असते तर मी खातं कशाला, बँकच उघडली असती.
कॉफी मात्र पूर्ण प्यायलो. नुकसान त्यांचंच.

१६ मे
मोबाइलवरची बँक. हिला शाखाच नाही, तेव्हा हसरीही नाही. पासपोर्टचा फोटो दिला. मग फोन म्हणाला, कॅमेऱ्यात बघा, डोळे मिचकावा. शाखाप्रमुखाने फोनला डोळे मिचकावायचे? तरी मिचकावले. त्याच वेळी बायको चहा घेऊन दारात उभी. चहा ठेवला आणि विचारलं, कोण आहे ती. बराच वेळ समजावण्यात गेला. तेवढ्यात फोनने कळवलं की पर्यटकांना ही सेवा नाही.
आता बायकोला सगळं सांगावं लागलं. खातं, कार्ड, मांडवातला अपमान. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, अहो, एका कार्डासाठी? हिला घराण्याच्या अब्रूचं काही पडलेलं नाही. पक्ष्याचं कार्ड ना, असं काहीतरी ती पुढे विचारत होती, पण मी तिला हातानेच थांबवलं. बँकिंगमधलं तिला काय कळतं?

१७ मे, सकाळी
साडूने फॅमिली ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत, लिहिलं आहे. साडूभाऊ खात्यासाठी बँका धुंडाळताहेत असं कानावर आलं. अडलं असेल तर सांगा, मी तिथे शब्द टाकतो.
बायकोने तिच्या ताईला सांगितलं असणार. ताईने नवऱ्याला. घरातच फितुरी.
मेहुण्याने खाली पाणी पिणाऱ्या माणसाचं चित्र टाकलं आहे.

१७ मे, थोड्या वेळाने
रागाच्या भरात उत्तर दिलं. "खातं उघडलं. कालच. शब्दाची गरज पडली नाही."
हे खोटं नाही. आगाऊ खरं आहे. आता फक्त खातं उघडायचं बाकी आहे.

१९ मे
जावई जवळ येऊन बसला. फार अदबीने बोलला. लेकीकडून त्याला सगळं कळलं होतं. म्हणाला, "बाबा, मला आधीच सांगायचंत. माझ्या खात्यावर तुमच्या नावाचं जोडकार्ड निघतं. बँकेचंच, तुमचं नाव छापलेलं. उद्या अर्ज केला तर आठवड्यात घरी येईल."
माझं नाव. छापलेलं. क्षणभर जीभ वळवळली. पण पैसे जावयाचे आणि मिरवायचं सासऱ्याने? उद्या साडूला कळलं तर तो म्हणेल, जावयाच्या जिवावर उड्या. मी हसून सांगितलं, मला कशाला कार्ड, मी आपली सहज चौकशी करत होतो. जावयाने दोनदा आग्रह केला. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हणणार होतो, पण तो उठला.
हल्लीच्या मुलांना आग्रह करता येत नाही.

२१ मे
ग्रुपवर साडू. खातं झालं ना, मग कार्डाचा फोटो टाका की, आम्हालाही बघू दे. खाली मेहुणा, मेहुण्याची बायको, भाची, भाचीचा नवा नवरा, सगळे फोटो फोटो करत आहेत. त्या नव्या नवऱ्याशी मी अजून दोन वाक्यं बोललेलो नाही.
लिहिलं, कार्ड पोस्टात आहे. आता जावयाला पुन्हा कसं विचारायचं? दिवसभर त्याच्या आजूबाजूला घुटमळलो. त्याने मला लिंबूपाणी करून दिलं.

२२ मे, दुपारी
बायको बाजाराला ओढून घेऊन गेली. एरवी मी पिशव्या उचलायला जात नाही, पण घरात ग्रुप वाजत होता.
मोठं दुकान. दारावर पाटी, पाटीवर पिवळा पक्षी. आत ट्रॉलीवर पक्षी, पावांवर पक्षी, साबणावर पक्षी. मी दुधाच्या कपाटापाशी उभाच राहिलो. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, आमचं सवलतीचं कार्ड आहे का. नाही म्हटलं. तिने एक काढून हातात ठेवलं. फुकट. निळं, चकचकीत. मी मागितलं नव्हतं. तिनेच आग्रहाने दिलं.
बायको म्हणाली, भाऊजींना इथेच मिळालं होतं, ते जपून घरी घेऊन गेले म्हणून ताई किती हसली होती. त्या दिवशी हेच सांगत होते, तर तुम्ही हात दाखवून गप्प केलंत.
आयुष्यात एवढा आनंद मला शाखाप्रमुख झालो तेव्हाही झाला नव्हता. साडू सापडला. मुद्देमालासकट.

२२ मे, संध्याकाळी
मेसेज तयार केला. सर्व नातेवाइकांना कळवण्यास आनंद होतो की, ज्या कार्डाच्या जोरावर भर मांडवात एका ज्येष्ठ बँकरचा पाणउतारा करण्यात आला, ते कार्ड कांदे-बटाट्याच्या दुकानाचं आहे. पुराव्यासाठी दुकानाच्या पाटीचा फोटो. तीनदा वाचला. एक शब्द बदलायची गरज नाही.
पाठवायला बोट टेकवणार, तेवढ्यात वरचा मेसेज दिसला. माझाच. खातं उघडलं, कालच. त्याखाली, कार्ड पोस्टात आहे. त्याखाली भाचीच्या नव्या नवऱ्याचा प्रश्न, काका, आलं का कार्ड?
साडूचं उघडं पाडलं की पुढच्या मिनिटाला माझं मागणार. बराच वेळ बोट हवेत धरून बसलो. मग मजकूर पुसला. शेवटून सुरुवातीपर्यंत, एकेक अक्षर. पाटीचा फोटो नुसताच पाठवून द्यावा असंही मनात येऊन गेलं.
मग कार्ड हातात धरलं. कोपऱ्यात पक्षी येईल असं. नावावर अंगठा. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.
टाळ्या, फुलं, हात जोडलेली चित्रं. मेहुण्याने लिहिलं, दोन्ही साडू परदेशात खातेदार, आम्हीच मागे राहिलो. वाचून दोन मिनिटं बरं वाटलं.

२३ मे, सकाळी
साडूचा मेसेज. ग्रुपवर नाही, मला एकट्याला.
"साडूभाऊ, अभिनंदन. अंगठा बरोबर पडलाय, पण खाली बारकोड दिसतोय. मी कधीच अर्ध्याच्या वर काढत नाही. फोटो बदला. मी कोणाला बोलणार नाही, काळजी नसावी. बँकेत नियम. आपलं तर नातं आहे."
पुन्हा पुन्हा वाचला. एवढा अपमान माझा भर मांडवातही झाला नव्हता.
जुना फोटो पुसला. कार्ड पाकिटात अर्धं सरकवून दुसरा काढला. हा खरंच चांगला आलाय.
बायको दारात उभी राहून कार्ड मागते आहे. आज साबणावर सूट आहे म्हणे.