हरिदासचा पट्टा

ईसा टाउन, बहारीन
ऑगस्ट १९९५

सौ. विशाखास,

तुम्ही सगळे सुखरूप असाल असं धरतो आणि आधी गाऱ्हाणं मांडतो. आमच्या चामड्याच्या कारखान्यात एकच एसी आहे आणि त्याचं तोंड माझ्या शेजारी बसणाऱ्या हरिदासकडे. माझ्या वाट्याला त्याच्या केसांतल्या तेलाचा वास येतो.

तुझ्या पत्रातही पहिली ओळ, "हरिदासभावजी बरे आहेत ना?" नवऱ्याची चौकशी शेळी व्याल्याच्या बातमीनंतर! असो, मी ठणठणीत आहे. आपल्या ऋत्विकचा खोकला गेला का?

सध्या आम्ही काडतुसांचे पट्टे शिवतोय. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घोड्यांवरून हिंडणारे बांधायचे, अगदी तसे. इथले हौशी अमेरिकन ते बांधून फोटो काढतात. हरिदासच्या पट्ट्यात प्रत्येक गोळी नेमकी बसते. बघून पोटात दुखतं.

ओलं कातडं सावलीत वाळवायचं असतं. मागच्या महिन्यात मी घाईने गच्चीवर उन्हात टाकलं आणि माझे सगळे पट्टे तडकले. हरिदासने शुक्रवारची सुट्टी मोडून माझ्याबरोबर नवे शिवले, वर कुठे बोलला नाही. ते जास्त झोंबलं.

काल तो तापाने आमच्या खोलीवर होता आणि नेमका मालक, इथल्या भाषेत अरबाब, मुख्य कारागीर निवडायला आला. सगळ्यात देखणा पट्टा उचलून म्हणाला, "बाळाजी, ये तेरा है?"

मी पट्ट्याचे टाके बोटांनी चाचपले. मग म्हणालो, "नहीं अरबाब, हरिदास का."

खोलीवर येऊन पेज केली. हरिदासने विचारलं, "मालक काय म्हणाला रे?"

"उद्या तोच सांगेल. आधी पेज पी."

तुझा,
बाळाजी