पाठीसाठी केलेली खुर्ची

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खुर्ची पोचली. दोन हमालांनी घामाघूम होऊन ती तिसऱ्या मजल्यावर आणली, तेव्हा मी दारात आ वासून उभी. शेजारच्या नर्सबाईंनी विचारलं, की आज काय विशेष. मी म्हटलं, की माझ्या भावाने माझा लेख वाचला, हेच विशेष.

दादा, अरे किती छान केली आहेस रे! हिरवं कापड काय, पितळी खिळे काय, पाठीला तर असा भराव की बसलं की उठवत नाही. कमरेलाही बरं वाटतं. असो. पण माझी जुनी खुर्ची मोडलेलीच नव्हती! तिचा एक पाय जरासा आखूड होता, त्याखाली मी पुठ्ठ्याची घडी सारली होती, एवढंच. लेखात मात्र ती मला पाहुण्यांसमोर धाडकन पाडते आणि वर कुरकुरते. तुझं म्हणजे छापून आलं की खरं! मागे नळाशी माझं भांडण झाल्याचं लिहिलं, तर तू ओळखी काढून इथला प्लंबर पाठवलास. तो बिचारा हातात पाना घेऊन गळतंय कुठे म्हणून घरभर शोधत होता. वहिनीने तुला अडवलं कसं नाही?

आता खरी अडचण सांगते. रविवारच्या पुरवणीतल्या माझ्या लेखांचं पुस्तक काढायचं म्हणून संपादकबाई मागे लागल्या आहेत. त्यांना सुरुवातीला एक नवा लेख हवा आहे, लिहिणारी म्हणून माझा स्वभाव कसा आहे यावर. खुर्ची आल्यापासून मी तिच्यात बसून नुसते कागद फाडते आहे. काय लिहू? की ही बाई राईचा पर्वत करते आणि मग त्यावर चढून स्वतःलाच हसते? सख्खा भाऊ जिथे फसतो, तिथे परके लोक किती फसत असतील! असलं पुस्तक काढूच नये, नाही म्हणून मोकळं व्हावं, असं वाटायला लागलंय. शाळेची नोकरी संपल्यापासून लिहिणं हेच माझं काम. तेच लबाडीचं निघालं तर हातात काय उरलं, या विचाराने जीव खालीवर होतो. तू मला फ्रॉकात असल्यापासून ओळखतोस. माझा स्वभाव कसा रे आहे? भीड न ठेवता कळव.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो मात्र हमालांबरोबर पाठवू नये.

तुझी
ठमी


ता. ९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

खुर्चीचं कौतुक पुरे. तिचा डावा हात उजव्यापेक्षा किंचित खाली बसला आहे. तुला दिसला नाही, हे माझं नशीब.

प्लंबरच्या बाबतीत मी साफ गंडलो, कबूल. वहिनी अजून त्यावरून गिऱ्हाइकांसमोर माझी खेचते. पण खुर्चीच्या बाबतीत मी गंडलो नाही बरं का, शहाणे. तू धाडकन वगैरे पडली नसणार, हे मलाही कळलं. रविवारी मी दुकानात कुशनं भरत बसतो आणि वहिनी तुझा लेख मोठ्याने वाचते. त्या दिवशीही आम्ही पोट धरून हसत होतो. पडण्याचं वर्णन चांगलं अर्धं पान होतं, आणि मध्येच एक ओळ होती, की हल्ली पाठ जरा बोलते आणि डावा पाय मध्येच झोपी जातो. ती टाकून तू लगेच पुढे सटकलीस. वहिनी तिथेच थांबली. तिने तीच ओळ पुन्हा वाचली. मग आम्हाला काही हसू येईना. खुर्ची मी तुझ्या पाठीसाठी केली, जुन्या खुर्चीच्या आखूड पायासाठी नाही.

लहानपणी तू झाडावरून पडली होतीस, आठवतं? आळीभर फिरून स्वतःच्या पडण्याची नक्कल करून दाखवलीस आणि आम्ही सगळे हसून लोळलो. रात्री जेवताना घास काही तोंडापर्यंत जाईना, तेव्हा आईला कळलं की हात मोडलाय. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, की ही पोर आपल्याला त्रास नको म्हणून हसवते, हिचं हसवणं वाढलं की हिच्याकडे नीट बघायला हवं. हा तुझा स्वभाव. यात लबाडी कुठे आली?

आणखी एक लिहितो, त्यावरून पुढे मला चिडवू नकोस. मला पत्र लिहायचा भारी कंटाळा. हे लिहिताना मध्येच उठून एक गादी शिवून आलो. पण तू लिहितेस म्हणून दर रविवारी आमची बहीण दुकानात येऊन बसते. लेख येत नाही त्या रविवारी वहिनीचं कशात लक्ष लागत नाही, माझंही नाही. तुझे उपकार आहेत ग आमच्यावर. पुस्तक काढ.

आणि पाठीचं काय ते मला सरळ लिही. लेख लिहू नकोस.

आशीर्वाद होते, आहेत.

दादा


ता. १४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले. बराच वेळ रडले.

पाठीचं सरळ लिहिते. मणक्यातली एक चकती सरकली आहे आणि ती नसेवर दाबते, म्हणून पाय बधिर होतो. डॉक्टर म्हणतात, की ऑपरेशन लवकर करायला हवं, नाहीतर पायातली शक्ती जाईल. मागे दोनदा दिवस ठरला होता. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, की सोबत कोण येणार, आणि दोन्ही वेळा मी काहीतरी विनोद करून घरी निघून आले. आता पुन्हा दिवस ठरवला आहे, याच महिन्याची अठ्ठावीस तारीख. मला भीती वाटते. तू आणि वहिनी या.

संपादकबाईंना होकार कळवला. स्वभावावरचा लेख एका बैठकीत झाला. त्यात मोडलेला हात आहे, आई आहे, तुमचं रविवारचं दुकान आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, की हसवलं की लोक आपल्यामागे लागत नाहीत, आपण सुटतो. पण प्रत्येक लेखात एखादी ओळ मी अशी टाकत होते, की कुणाला शोधत यायचं असेल तर यावं. हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. आणि तुम्ही दोघं दर रविवारी येत होतात. असे वाचक मिळायला भाग्य लागतं. मला ते घरातच मिळाले, आणि मी मात्र परक्यांची काळजी करत बसले होते. पुस्तक तुम्हा दोघांना अर्पण केलं आहे. नको म्हणू नकोस, छापायला गेलं.

लोभ आहे, म्हणूनच या म्हणते आहे.

तुझी
ठमी


ता. १८ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

वहिनीने तुझं पत्र आधी मनात वाचलं, मग मोठ्याने, आणि मग कुठे विनोद लपलाय का हे बघायला पुन्हा एकदा. एकही सापडला नाही, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला आणि तिने माळ्यावरची बॅग काढली. अर्पण वगैरे वाचून मला काय वाटलं ते मी लिहिणार नाही, मला जमत नाही. वहिनीला विचार, तिने माझं तोंड पाहिलंय.

दुकानाला कुलूप लावतो आहे. गिऱ्हाइकांना सांगितलं, की महिनाभर जमिनीवर बसा. पंचविसाला सकाळी पोचतो. दवाखान्यात वहिनी तुझ्याजवळ राहील, मी दाराबाहेर. हत्यारं बरोबर घेतली आहेत, खुर्चीचा डावा हात नीट करायचाय.

आम्हाला दार उघडशील तेव्हा दुखत असेल तर दुखतंय म्हण. हसलीस तर याद राख, हातातली बॅग खाली न ठेवता तुला आधी डॉक्टरांकडे नेईन.

बाकीचं भेटीत.

दादा