कावळा शिवेपर्यंत प्राणायाम

१ ऑगस्ट
आजपासून नवं आयुष्य. जूनमध्येही असंच लिहिलं होतं, पण तेव्हाचं नवं आयुष्य मी मागितलेलं नव्हतं. इंदापूरच्या कॉलेजने तासिका तत्त्वावरचे माझे तास बंद केले होते, एवढंच.

योगशिक्षक प्रशिक्षण. केंद्र बारामतीत. चार महिने, रोज सकाळी सहा ते आठ. अटी तीन: ऐंशी टक्के हजेरी, गावातल्या लोकांना घेऊन दहा सराव-वर्ग, आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकासमोर प्रात्यक्षिक. कळंबच्या अलीकडे एक निवासी शाळा आहे, तिथे दिवाळीनंतर योगशिक्षक नेमायचाय. प्राचार्याबाई ओळखीच्या. म्हणाल्या, जागा धरून ठेवते, पण सर्टिफिकेट आणा, त्याशिवाय कमिटी ऐकायची नाही.

संकल्प: चार महिने एकाही दशक्रियेला माईक धरणार नाही. आमच्या पणदऱ्यात आणि आसपास कुणी गेलं की दहाव्याचं सूत्रसंचालन माझ्याकडे येतं. एम.ए. मराठी, आवाज बरा. पुढाऱ्यांना मानाप्रमाणे बोलवायचं, पिंडाला कावळा शिवेपर्यंत लोक धरून ठेवायचे, शेवटी दोन मिनिटं शांतता. मोबदला टॉवेल-टोपी आणि नारळ. वेळ सकाळची. म्हणजे नेमकी वर्गाची.

ही निमंत्रणं गावातले कुंडलिक तात्या आणतात. त्यांना घरी जाऊन स्पष्ट सांगितलं. तात्या म्हणाले, "चांगलं हाय. पर सर, मरणारा काय तुमची बॅच बघून मरतोय व्हय?"

हिला संकल्प वाचून दाखवला. ही पतसंस्थेत कॅशियर आहे, सध्या घर तिच्याच पगारावर चालतं. म्हणाली, "सही पण करा खाली." केली.

२ ऑगस्ट
हजर. प्रशिक्षक विजयसिंह सर. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण पाठ अशी की भिंतीने त्यांना टेकावं. नियम: सहा दहानंतर आलेला गैरहजर, मध्येच उठून गेलेलाही गैरहजर. मला मनापासून पटलं. आपल्या भागात शिस्तच नाही.

पश्चिमोत्तानासनात हात गुडघ्यांपर्यंत पोचले. सर म्हणाले, पायाचे अंगठे धरायचे आहेत. म्हणालो, दृष्टी अंगठ्यांवरच आहे. शेजारी कळंबची स्वरूपा नावाची पंचविशीतली मुलगी कपाळ गुडघ्याला लावून निवांत बसली होती. लवचीकपणा वयाचा असतो. समज ही वेगळी गोष्ट.

११ ऑगस्ट
गैरहजर. गेणबा आप्पांचा दहावा.

संकल्प मोडला का? प्रामाणिकपणे तपासू. संकल्प माईक न धरण्याचा होता, न जाण्याचा नव्हता. गेलो, मागे बसलो. तात्यांनी पुढे बोलावलं. माईक मी धरला नाही, तात्यांनी माझ्या तोंडापुढे धरला.

कावळा पाऊण तास फिरकला नाही. मुलांनी हात जोडून सगळं कबूल केलं. बांधाचं भांडण मिटवतो, बहिणीला माहेरी आणतो. कावळा झाडावर. तोवर बोलत राहणं माझ्याकडे. आप्पांना मी तीनदा भेटलो असेन, पण पाऊण तास निघाला. शेवटी धाकटा म्हणाला, "आप्पा, तुमची म्हस इकत न्हाय," आणि कावळा खाली आला.

हिने टॉवेल कपाटात ठेवला आणि विचारलं, "ह्याची हजेरी लागते का?"

१९ ऑगस्ट
गैरहजर. पण शांतपणे विचार केला. ऐंशी टक्के हजेरी म्हणजे वीस टक्के गैरहजेरी नियमानेच दिलेली आहे. जो रोज येतो तो नियमाने दिलेलं नाकारतो. त्यात सूक्ष्म अहंकार आहे. काल स्वरूपाला हे समजावलं होतं. ती म्हणाली, "सर, माझी एसटी वेळेवर येते म्हणून मी येते."

२८ ऑगस्ट
गैरहजर.

३० ऑगस्ट
गैरहजर. सख्खे भाऊ होते, दुसऱ्याने पहिल्याचा धक्का घेतला. यात माझा दोष कुठे?

९ सप्टेंबर
विजयसिंह सरांनी बाजूला घेतलं. हजेरी सत्तरच्या खाली आलीय म्हणाले. (मी इथे न लिहिलेले दिवसही त्यांच्याकडे आहेत.) मी त्यांना मुद्दा मांडला: योगाची पहिली पायरी यम, यमांत पहिली अहिंसा. दुःखी घराला नाही म्हणणं ही हिंसा. म्हणजे घाटावर असतो तेव्हा मी पहिल्या पायरीवर असतो आणि वर्गात तिसऱ्या, आसनांच्या. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "पायऱ्या पुढच्या महिन्यात घेणार आहोत. सध्या सहाला या."

घरी येताना स्वतःला विचारलं, मी पळवाट तर काढत नाही ना? बराच वेळ विचार केला. नाही.

१६ सप्टेंबर
सराव-वर्गाला आजपासून सुरुवात. गावभर सांगितलं होतं, मारुतीच्या सभामंडपात, संध्याकाळी. वर्गाला किमान पंधरा माणसं हवीत आणि लोकेशनसकट फोटो केंद्राच्या ॲपवर टाकायचा.

आली ती माणसं: ही. आणि दगडाबाई, देवदर्शनाला. दगडाबाईंना ताडासन सांगितलं. म्हणाल्या, "आमी उभ्याच हाय की रं बाबा सकाळपासनं." सगळं गाव दूध घालायला डेअरीवर. ही साडेसहाला पतसंस्थेचं निमित्त करून गेली. पतसंस्था पाचला बंद होते.

२० सप्टेंबर
गैरहजर, पण आजचा दिवस मोलाचा. दहाव्याला पाचशे माणूस मांडी घालून, पाठ ताठ, डोळे मिटून बसलं होतं. दोन मिनिटांची शांतता. आणि एकदम लक्षात आलं: हे काय आहे? हे ध्यान आहे. बारामतीच्या केंद्रात असं एकजीव ध्यान मी एकदाही पाहिलेलं नाही. आणि हे लावतं कोण? मी.

प्रश्न सचोटीचा. नुसता फोटो काढून टाकला तर ती लबाडी. म्हणून ठरवलंय, पुढच्या वेळी शांततेआधी श्वासाच्या रीतसर सूचना द्यायच्या. मग तो वर्गच झाला.

२४ सप्टेंबर
गैरहजर. सराव-वर्ग पहिला. "पाठीचा कणा सरळ, दीर्घ श्वास आत घ्या, रोखा," असं धीरगंभीर आवाजात सांगितलं. तेवढ्यात आमदारांचे प्रतिनिधी आले म्हणून त्यांच्या स्वागताला वळलो. नंतर दगडाबाई म्हणाल्या, "सोडायचं कवा त्ये सांगितलंच न्हाय. माझ्या डोळ्यांम्होरं काजवं आलं." त्रुटी मान्य. पुढच्या वेळी सुधारणा.

३० सप्टेंबर
सराव-वर्ग चार झाले. फोटो टाकले. उपस्थिती दोनशे, साडेतीनशे, पाचशे, एकशे ऐंशी. स्वरूपाच्या वर्गाला सोळा बायका येतात. तिला धीर दिला की संख्येवर जाऊ नकोस.

३ ऑक्टोबर
विजयसिंह सरांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. फोटो मोठा केला. "पुढच्या रांगेत तिघांचं मुंडण झालंय. मागं पिंड मांडलेत. हा कुठला वर्ग, सर?"

म्हणालो, शोकग्रस्तांसाठी ध्यान.

सरांनी मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाले, चारही बाद. दहा नवे वर्ग घ्या, जिवंत माणसांसाठी. हजेरीचं गणित त्यांनी पाटीवर मांडून दाखवलं. जादा रविवार धरून आजपासून एकही दिवस चुकला नाही तर ऐंशी टक्के जेमतेम भरतात. एक चुकला तर परीक्षेला बसता येणार नाही.

पाटीवरचे आकडे वहीत उतरवून घेतले. शाळेचा विचार आला. हिच्या पगाराचाही आला. मला दुःखाचं निमित्त करायची सवय लागलीय का? हा प्रश्न आज पहिल्यांदा नीट विचारला. उत्तर उद्या.

४ ऑक्टोबर
हजर. (उत्तर राहिलं.)

१२ ऑक्टोबर
हजर. रविवार असून हजर. सराव-वर्गाला माणसं मिळत नव्हती. त्यावर हिने उपाय सुचवला. कपाटात टॉवेल मावत नाहीत, ते बसायला वाटा. तात्यांनी बातमी फिरवली. आज चोवीस माणसं. शेजारच्या नकोशीने येताना सासूलाही आणलं, घरात दोन टॉवेल हवे होते म्हणून. वर्ग संपल्यावर टॉवेल एकही परत आला नाही. उद्या तीच माणसं पुन्हा टॉवेल मागणार, अशी लक्षणं आहेत. पण फोटोत सगळे श्वास घेतायत, आणि सोडतायतही.

२७ ऑक्टोबर
हजर. दिवाळीतही चुकलो नाही. तात्या दोनदा येऊन गेले, दोनदा नाही म्हणालो. दुसऱ्यांदा तात्या म्हणाले, "तुमी न्हाय म्हणून पोरानं मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं श्रद्धांजलीचं. मधीच जाहिरात लागली गुडघेदुखीच्या तेलाची." वाईट वाटलं. पण हललो नाही.

अंगठे अजून लांब आहेत, पण घोटे आलेत. परवा ही झोपण्याआधी म्हणाली, "पोट कमी झालंय तुमचं." लग्नाला अठरा वर्षं झाली, हे पहिल्यांदा.

६ नोव्हेंबर
सराव-वर्ग दहा पूर्ण. हजेरी भरली. सर पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता फक्त प्रात्यक्षिक. सोळा तारीख." प्राचार्याबाईंना फोन केला. म्हणाल्या, सोळाला पास व्हा, सतराला ऑर्डर काढते.

७ नोव्हेंबर
विजयसिंह सरांचे वडील मानसिंग आबा गेले. माळेगावला जाऊन आलो. सर जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून.

१० नोव्हेंबर
सरांचा फोन. दहावा सोळाला, बारामतीत कऱ्हेच्या घाटावर, सकाळी सात. परीक्षक पुण्याहून येतायत, तारीख हलत नाही. सर म्हणाले, "मी घाटावर असेन, परीक्षा चालू राहील. आबांना तुमचं बोलणं आवडायचं. दहा मिनिटं बोला. तुमचा नंबर शेवटी ठेवायला सांगतो, नऊच्या आत पोचा म्हणजे झालं."

ही म्हणाली, "नाही म्हणा. मी बोलू का त्यांच्याशी?" म्हटलं, ज्यांनी मला सांभाळून घेतलं त्यांच्या वडिलांसाठी दहा मिनिटं नाहीत का माझ्याकडे? ही म्हणाली, "दहा आहेत. तुमच्याकडे अकरावं पण निघतं, त्याचंच भ्या वाटतं." घाटापासून केंद्र मोटारसायकलने दहा मिनिटं. काळजीचं कारण दिसत नाही.

१६ नोव्हेंबर, पहाटे ५
सूर्यनमस्कार बारा. मन स्थिर. भाषण पाच वाक्यांचं. आठला घाट सोडणार.

१६ नोव्हेंबर, दुपारी
सविस्तर लिहितो, म्हणजे चूक कुठे झाली ते नीट सापडेल.

साडेसातला पिंड ठेवले. आबा समाधानी माणूस. ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. आज तर त्यानेही माझी सोय पाहिली. पावणेआठला माईक हातात आला. समोर हजारभर माणूस. कारखान्याचे संचालक, दोन माजी सभापती, सगळं केंद्र ज्यांना मानतं ते घराणं. पाच वाक्यं झाली. कुणी हललं नाही. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. अशा शांततेला पाठ दाखवून जाणं बरं दिसेना.

सर पहिल्या रांगेत. दोनदा त्यांनी मनगटावरच्या घड्याळाला हात लावला. मला वाटलं, आबांचंच घड्याळ असणार. त्यावर बोललो. बापाचं घड्याळ लेकाच्या हातावर कसं चालू राहतं, यावर. बायका रडल्या. सरांनी तिसऱ्यांदा हात लावला तेव्हा माजी सभापतीही रडले. मग ज्यांचं नाव घेतलं नाही त्यांनी चिठ्ठ्या पाठवल्या. मान राखावा लागतो.

मी माईक खाली ठेवला तेव्हा सर जवळ आले. मला वाटलं, मिठी मारतील. म्हणाले, "सर, साडेनऊ वाजले."

केंद्रावर पोचलो तर सतरंज्या गुंडाळत होते. परीक्षक गेलेले. स्वरूपा गेटपाशी होती. म्हणाली, "तीन वेळा नाव पुकारलं, सर. मी दोनदा बाहेर येऊन रस्ता बघितला."

चूक कुठे झाली? पाचव्या वाक्यानंतर. किंवा कावळा जरा उशिरा आला असता, तर वेळेचं भान राहिलं असतं.

१७ नोव्हेंबर
ही डबा भरून गेली. माझाही डबा भरून ठेवला होता. कुठे जायचं नसताना.

२४ नोव्हेंबर
विजयसिंह सर भेटले. म्हणाले, बोललात ते घरातले सगळे अजून आठवतात. पण सर्टिफिकेटचं माझ्या हातात काही नाही, म्हणाले. नवी बॅच एक डिसेंबरला सुरू होतेय, पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल, हजेरीसकट. लगेच नाव घातलं. या खेपेला अनुभव गाठीशी आहे.

२७ नोव्हेंबर
प्राचार्याबाईंचा फोन. पहिल्याच रिंगला उचलला. जागेवर कळंबची एक मुलगी घेतली म्हणाल्या, स्वरूपा नाव, तुमच्याच बॅचची, मुलांना फार आवडली. मी म्हणालो, गुणी आहे, माझ्या शेजारीच बसायची.

मग म्हणाल्या, फोन वेगळ्याच कामासाठी होता. संस्थापकांचं पहिलं पुण्यस्मरण आहे. माळेगावच्या आबांच्या दहाव्याचं सगळीकडे नाव झालंय. सूत्रसंचालन तुम्हीच करावं अशी कमिटीची इच्छा. एक डिसेंबर, सकाळी सात.

ही समोर भाकरी करत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबला.

हो म्हणालो. बॅचच्या पहिल्या दिवशी तसंही नुसती ओळख करून देतात, आणि मला तिथे सगळे ओळखतात.