कर्ज कुठल्या वर्डेलाचं

टोलीडो, १४ एप्रिल

ती. आत्यास धाकट्या वर्डेलाचा नमस्कार.

फोनवर तू नुसतं ‘बरं, बरं’ म्हणतेस, म्हणून लिहिते. बँकेने माझं घराचं कर्ज अडवलं आहे. माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये सेल्मातल्या एका दवाखान्याची २,८६० डॉलरची थकबाकी दिसते. पत्ता तुझ्या घराचा. मी तिथून निघून नऊ वर्षं झाली. ३० जूनपर्यंत नोंद निघाली नाही, तर घर दुसऱ्याला जाईल. दवाखान्यात चौकशी करशील का?

लोभ असू दे.

तुझी,
वर्डेला

सेल्मा, २१ एप्रिल

चि. डेलास आत्याचे आशीर्वाद.

चौकशी कसली करू? कर्ज माझं आहे. पहिल्या भाचीला आत्याचं नाव द्यायची आपल्या घरची रीत. त्या रिपोर्ट काढणाऱ्या कंपनीला काय कळणार कुठली वर्डेला स्टॉलवर्थ! कानात घालायची यंत्रं घेतली. सहा हप्ते भरले, मग छप्पर गळायला लागलं. यंत्रं फोनजवळ शिट्ट्या मारतात. तू पुटपुटतेस असं वर्षभर म्हणत होते, ते खोटं. चर्चमध्ये कुणालाच माहीत नाही, केसांखाली लपतात. तू गुपचूप भरून टाक, मी महिन्याला चाळीस डॉलर पाठवीन. बापासारखी हट्टी आहेस, म्हणून आधीच विनवते.

माया कमी करू नकोस.

आत्या

टोलीडो, १९ मे

ती. आत्यास नमस्कार.

भरलं नाही. मी भरलं की ते माझंच ठरेल, आणि दोघींची माहिती एकत्रच राहील. आमच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत दोन बाटल्यांवर एकच चिठ्ठी लागली, तर आम्ही आकडे जुळवत बसत नाही; पाणी पुन्हा तपासतो. जन्मतारखेचा दाखला आणि नऊ वर्षांचे भाडेकरार जोडून रजिस्टर पोस्टाने त्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं: नाव-पत्ता जुळतो, नोंद बरोबर आहे. आज दुसरं पत्र टाकलं. दवाखान्याच्या करारावरची सही आणि जन्मतारीख दाखवा म्हटलं. कर्ज माझं नाही एवढंच दोन्ही वेळा लिहिलं. कुणाचं, ते लिहिणार नाही.

राग आला होता, तू लपवलंस याचा. आता नाही.

लोभ आहे, तो राहू दे.

वर्डेला

सेल्मा, २६ मे

चि. डेलास आशीर्वाद.

तू लिहिणार नाहीस, म्हणून मी लिहिलं. सोबतचा कागद त्यांना पाठव: मी, वर्डेला स्टॉलवर्थ, वय एकाहत्तर, हे कर्ज माझं आहे, भाचीचं नाही. दवाखान्याकडून हप्ते कमी करून घेतलेत. पुढचं माझं मी बघते.

नोटरी म्हणजे आमच्या चर्चच्या गायनातली युलाली. कचेरीत अर्धं चर्च बसलेलं. ती कागद हलक्या आवाजात वाचू लागली. मी तिला म्हटलं, बाई गं, मोठ्याने वाच, मला कमी ऐकू येतं.

असाच जीव लावत राहा.

तुझी आत्या,
थोरली वर्डेला